नागपूर ते ऑकलंड: साडेसहा तास

जाहिरात पेपरच्या पहिल्याच पानावर होती. ‘नागपूर ते ऑकलंड. अकरा हजार नऊशे किलोमीटर. उड्डाणापासून दार उघडेपर्यंत फक्त दोन तास चाळीस मिनिटं.’ विलासराव वैरागड्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला. खोटं.

सरकारी दुग्धशाळेत चौतीस वर्षं रसायनतज्ज्ञ म्हणून काढलेला माणूस. कॅनचं झाकण उघडायचं, नमुना काढायचा आणि दूधवाला शपथेवर काय सांगतोय याकडे लक्ष न देता नळीत काय दिसतंय ते पाहायचं, ही त्यांची कामाची रीत. समोरचा खरं बोलत असेल असं त्यांनी कधी गृहीत धरलं नाही. दुर्दैव असं, की बहुतेक वेळा त्यांचाच संशय खरा ठरला, आणि त्यामुळे ती सवय निवृत्तीबरोबर ऑफिसात राहिली नाही. ती घरी आली.

या जाहिरातीविरुद्धचा पुरावा तर घरचाच होता. मुलगी ऋतुजा दर पंधरा दिवसांनी, शनिवारी, ‘उल्का’ कंपनीच्या याच विमानाने ऑकलंडहून यायची. आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेचारला तिकडून निघायची आणि प्रतापनगरातल्या घराची बेल पावणेबाराला वाजायची. विमानाचे साडेसहा तास आणि टॅक्सीचा पाऊण तास. तीन वर्षांत त्यात दहा मिनिटांचाही फरक पडला नव्हता. मग ही दोन तास चाळीस मिनिटं आली कुठून?

त्यातलं विज्ञान विलासरावांना पाठ होतं. सेवा सुरू झाली तेव्हा त्यांनी सगळं वाचून काढलं होतं. हे विमान पस्तीस किलोमीटर उंचीवरून आवाजाच्या सहापट वेगाने जातं. एवढ्या वर हवा अगदी विरळ, पण असते. इतक्या वेगाने अंगावर येणाऱ्या विमानापुढून तिला बाजूला सरायलाही फुरसत मिळत नाही, ती दाबली जाते, आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप भराभर मारला की त्याचं खालचं टोक हाताला चटका देतं, तोच प्रकार. विमानाची कातडी नऊशे अंशांपर्यंत तापायची. त्यामुळे विमान सव्वादोन तासांत नागपूरला उतरायचं खरं, पण उतरून चार तास तापलेल्या तव्यासारखं उभं राहायचं. शिडी लावली तर शिडीचं रबर वितळायचं. कातडी निवेपर्यंत लोक आतच बसून राहायचे, सिनेमे बघायचे आणि कंपनीला शिव्या द्यायचे. सव्वादोन आणि चार, वर थोडी इकडची तिकडची मिनिटं. साडेसहा.

हे गणित विलासरावांना तोंडपाठ असण्याला आणखी एक कारण होतं. कुंदा, त्यांची बायको, तिकडे होती.

सहा वर्षांपूर्वी ऋतुजाच्या बाळंतपणाला म्हणून ती ऑकलंडला गेली. सहा महिन्यांसाठी गेली होती. मग नातू ईशान लहान आहे म्हणून राहिली, मग तो पाळणाघरात आजारी पडतो म्हणून राहिली, मग कोणी कारण सांगेनासं झालं आणि विलासरावांनीही विचारणं सोडलं. तेव्हा तिकडे पोचायला दोन विमानं बदलून वीसेक तास लागायचे. शेजारीपाजारी कोणी विचारलंच, तर ‘फार लांब पडतं हो’ एवढं सांगितलं की भागायचं. अंतर हा त्या काळात मोठा सभ्य शब्द होता.

उल्काचं विमान आलं आणि ती सोय गेली. आता लांब कुठे पडत होतं? विलासरावांनी फोनवर तसं म्हटलंही होतं. त्यावर ऋतुजाने सांगितलं, की वर चढताना सात-आठ मिनिटं अंगाचं वजन अडीचपट झाल्यासारखं वाटतं, रक्तदाबवाल्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो आणि आईला डॉक्टर दाखला देत नाहीत. विलासरावांनी ते मानलं. मुलगी मात्र येत राहिली, आणि येताना दर वेळी एक स्टीलचा डबा आणायची. त्यात कुंदाने विरजलेलं दही असायचं.

कारण विलासरावांच्या हाताला दही लागत नव्हतं. प्रयोगशाळेत हजारो नमुने तपासलेला हा माणूस घरी चार दिवस विरजण टिकवू शकत नसे. कुंदाचं विरजण तिच्या आईकडून आलेलं, लग्नापासून कधी न मोडलेलं. जाताना ती थोडं बरोबर घेऊन गेली; इथे उरलेलं आठवड्याच्या आत आंबून मेलं. तेव्हापासून दह्यासाठी ते त्या डब्याची वाट पाहत. डबा रिकामा झाला की घासून, पुसून, ऋतुजाच्या बॅगेत परत ठेवत.

तर, जाहिरात खोटी होती. विलासरावांनी टेबलाशी बसून कंपनीला पत्र लिहिलं. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करून त्यांनी गेल्या वर्षातल्या चोवीस शनिवारांच्या तारखा दिल्या, प्रत्येकीपुढे साडेसहा तास लिहिलं आणि ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल खुलासा मागितला. पत्र टपालात टाकताना त्यांना फार दिवसांनी कामावर गेल्यासारखं वाटलं.

उत्तर आठ दिवसांत आलं, आणि ते नम्र होतं. कंपनी कुठल्याही प्रवाशाची वैयक्तिक माहिती देऊ शकत नाही, पण तक्रारीत दिलेल्या तारखांच्या विमानांचे तपशील सोबत जोडत आहोत. वर्षभरापूर्वी या मार्गावर नवी विमानं आली. त्यांची कातडी सच्छिद्र आहे. तिच्यातून उड्डाणभर एक द्रव पाझरत राहतो, त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. (नागपूरकरांना माठ समजावून सांगायला नको, असं लिहिणाऱ्याने खाली जोडलं होतं.) त्यामुळे दार उघडायला पंचवीस मिनिटं पुरतात. सोबतचा तक्ता पाहावा.

विलासरावांनी तक्ता पाहिला. चोवीसही शनिवारी विमानाचं दार सकाळी सात ते सव्वासातच्या दरम्यान उघडलेलं होतं.

त्यांनी कागद खाली ठेवला. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. सव्वासात ते अकरा. पावणेचार तास. दर पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी नागपुरात उतरत होती आणि पावणेचार तास कुठेतरी जात होती. पाणी मुरत होतं ते कंपनीत नव्हतंच.

आधी त्यांना जे सुचलं ते कोणत्याही बापाला सुचलं असतं. हिचं इथे कोणी आहे. जावई तिकडे भला माणूस, स्वयंपाक करतो, ईशानला पोहायला नेतो. आणि ही? विचार पुढे जाईना आणि मागेही हटेना. रात्रीचं जेवण त्यांनी अर्ध्यावर सोडलं.

पुढच्या शनिवारी बेल पावणेबाराला वाजली. ऋतुजा नेहमीसारखी आली, पाया पडली, डबा ओट्यावर ठेवला. विलासरावांनी तिला निरखून पाहिलं. साडेसहा तास बसून आलेल्या माणसाच्या कपड्यांना चुण्या पडतात. हिचा कुर्ता कडक होता.

“खूप थांबवलं का आज?” त्यांनी विचारलं.

“नेहमीचे चार तास, बाबा. एक सिनेमा पाहिला, एक झोप काढली.”

ती अगदी सहज बोलली. नजर चुकवली नाही की शब्द अडला नाही, आणि विलासरावांना खरं दुःख झालं ते याचंच. खोटं बोलायची सवय झालेला माणूस त्यांनी खूप पाहिला होता. तो असाच सहज बोलतो.

ती आंघोळीला गेली तसा त्यांनी डबा उघडला. दही डब्याच्या कडेपर्यंत एकसंध लागलं होतं, वरच्या सायीला सुरकुतीही नव्हती. चमचा घातला तर वडी कापल्यासारखी धार उमटली आणि त्या धारेत पाणी सुटलं नाही. ते पाहतच राहिले. विरजण लावल्यावर भांडं हलवू नये, हे शेंबडं पोरही सांगेल. लागताना हललं की दही फुटतं आणि चोथापाणी वेगळं होतं. या दह्याने अंगावर अडीचपट वजन घेतलं होतं, पस्तीस किलोमीटर वर जाऊन आलं होतं, आणि तरी ते मोडलं नव्हतं?

मग त्यांना रंग दिसला. खरं तर तो गेलं वर्षभर दिसत होता. तिकडच्या गायी हिरव्या गवतावर वाढतात, गवतातला पिवळा रंग दुधात उतरतो, म्हणून सुरुवातीची दोन वर्षं ऋतुजाने आणलेलं दही पिवळसर असायचं, पातळ आणि प्रवासात मोडलेलं. म्हैस तो रंग दुधात उतरू देत नाही. समोरचं दही पांढरंशुभ्र होतं. आणि तिकडे म्हशीचं दूध औषधालाही मिळत नाही, हे ऋतुजानेच कधीतरी सांगितलं होतं.

चौतीस वर्षं दूध तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या ताटातली म्हैस वर्षभर ओळखली नव्हती. उलट त्यांनी निरोप पाठवला होता, की आईला सांग, आता तुझा हात सुधारला. तो निरोप आठवून त्यांचे कान तापले.

तेलाच्या डब्याच्या वरच्या फळीवर त्यांची आंबटपणा मोजायची काचेची नळी, थेंबाची बाटली आणि छोटा तराजू अजून होता. पाणी वाहण्याचा आवाज येतोय तोवर त्यांनी नऊ ग्रॅम दही मोजलं, थेंब टाकले, गुलाबी रंग चढेपर्यंत नळीतलं द्रावण सोडलं. आम्लता शून्य पूर्णांक बहात्तर. म्हणजे दही लागून तास-दोन तासच झालेले. हाताला डबा अजून किंचित कोमट लागत होता. हे दही आज सकाळी, नागपुरात, एका शांत ओट्यावर लागलं होतं.

मग त्यांनी ते चाखलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. ती चव त्यांना आकड्याशिवाय ओळखता येत होती. विरजण तेच होतं, आणि हातही तोच. ऋतुजाला दही लावता येत नव्हतं. लग्नाआधी तिने कधी पातेलंही उचललं नव्हतं.

गेल्या दिवाळीचा फोन त्यांना आठवला. कुंदा बोलत होती आणि मागे फटाके वाजत होते. इथेही आपली माणसं उडवतात, ती म्हणाली होती. विलासराव तेव्हा खूश झाले होते, की बघा, परदेशातही लोक विसरत नाहीत.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. रागाने काढले, एवढं पुरे. अकरा हजार नऊशे किलोमीटर म्हणून सहा वर्षं गप्प बसलो. रक्तदाब म्हणे! आणि या दोघी मिळून आपल्याला खेळवून राहिल्या. आपण भर दुपारी दारात जाऊन उभं राहायचं, आणि विचारायचं. काय विचारायचं ते मात्र ठरत नव्हतं. प्रश्न तयार केला की त्याच्या पाठीमागून दुसराच प्रश्न पुढे यायचा. ती का गेली, हा नव्हे. ते त्यांना ठाऊक होतं, फक्त कधी उच्चारलं नव्हतं.

लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात त्यांनी घरी नळी आणली. गंमत म्हणून. कुंदाच्या दह्याचा आकडा ते जेवताना मोठ्याने सांगायचे. आज शून्य पूर्णांक नव्वद, आज एक दशांशाने जास्त, काल किती तास ठेवलं होतंस? पाहुणे हसायचे. मग भाजीतलं मीठ तराजूवर जायला लागलं, मग चहातली साखर. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच. ते फक्त बरोबर असायचे. एकतीस वर्षं रोज दोन वेळा ते बरोबर असायचे.

शनिवारी सकाळी साडेसहाला ते विमानतळाच्या नव्या इमारतीसमोर उभे होते. कानटोपी आणि काळा चष्मा असा त्यांचा वेश होता, आणि उन्हाळ्यात कानटोपी घातल्यामुळे प्रत्येक जण त्यांच्याकडे वळून पाहत होता. सात वाजून वीस मिनिटांनी ऋतुजा बाहेर आली. पाठीला एकच बॅग. तिने टॅक्सी केली. विलासरावांनी मागे रिक्षा लावली.

“भाऊ, त्या पांढऱ्या गाडीच्या मागे.”

“काहून काका, सून आहे का?” रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

“मुलगी.”

“मग जाऊ द्या ना,” तो म्हणाला, पण रिक्षा त्याने नीट चालवली.

टॅक्सी मानेवाड्याच्या एका गल्लीत थांबली. साधी तीन मजली इमारत, खाली शिलाईचं दुकान, समोर रसवंती. ऋतुजा जिना चढून गेली. विलासराव रसवंतीच्या बाकावर बसले आणि एकामागून एक तीन ग्लास रस प्यायले, जो त्यांना डॉक्टरांनी मना केला होता. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरीवर एक हिरवं पातळ वाळत होतं. ते पातळ त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

नऊ वाजता ती गॅलरीत आली.

केस कापले होते तिने, खांद्यापर्यंत. थोडी बारीक झाली होती. खाली शिलाईच्या दुकानातल्या बाईला तिने वाकून काहीतरी सांगितलं, बाईने वरती बघून उत्तर दिलं, आणि कुंदा हसली. अगदी मोठ्याने, मान मागे टाकून. विलासरावांनी आठवून पाहिलं. पाहुण्यांसमोरचं हसणं आठवलं, फोटोतलं आठवलं. हे त्यांच्या घरात कधी वाजलं नव्हतं.

त्यांना तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण माणूस सहा वर्षं वाट पाहतो तेव्हा त्याचे पाय त्याचं ऐकत नाहीत. सव्वाअकराच्या सुमारास ते रस्ता ओलांडून जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर उकाड्यामुळे आतलं दार सताड उघडं होतं, फक्त जाळीचं दार लावलेलं. ते दाराच्या बाजूला, भिंतीला लागून उभे राहिले. हात बेलपाशी गेला.

“बोट लावून पाह्य ना,” आतून कुंदाचा आवाज आला. “हललं नाही म्हणजे लागलं. इथं आकडा सांगणारं कोणी नाही आता.”

ऋतुजा हसली. मग ती म्हणाली, की बाबा विचारतीलच आज, किती तास ठेवलं होतं म्हणून.

“सांग, आठवत नाही.” भांड्यावर झाकण बसल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने कुंदानेच विचारलं, “जेवून राहिले ना नीट?”

“जेवतात.”

“मग झालं. नुसता भात खाववत नाही त्यांना. दही लागतंच.”

बेलवरचा हात विलासरावांनी मागे घेतला. आत जायला एक जाळीचं दार होतं, आणि त्याला कडीही नव्हती. ते ढकललं असतं तर ती घाबरली असती, मग गप्प झाली असती, मग कदाचित बॅग भरून त्यांच्याबरोबर आलीही असती. तिने कुठल्याच गोष्टीला कधी नाही म्हटलं नव्हतं. आली असती आणि उद्यापासून पुन्हा हसणं पाहुण्यांपुरतं झालं असतं. हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की ते कठड्याला धरून जिना उतरले.

खाली दुसऱ्या रिक्षात बसल्यावर त्यांना कळलं की ते रडतायत. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला. प्रतापनगरच्या फाटकाशी मीटर सात किलोमीटर चारशे दाखवत होता. बावीस मिनिटं लागली होती. इतकंच होतं ते अंतर, आणि ते पार करायला आवाजाच्या सहापट वेगाचं कुठलंही विमान उपयोगाचं नव्हतं. त्या बाईला हे आधीच कळलेलं. विज्ञानाने दोन तासांवर आणून ठेवलेला नवरा तिने पुन्हा साडेसहा तास लांब ठेवला होता. कंपनीने वाचवलेले चार तास स्वतःकडे ठेवून घेतले होते.

ते कुलूप काढत होते तेवढ्यात मागे टॅक्सी थांबली. ऋतुजा उतरली आणि बापाच्या कानटोपीकडे पाहत उभी राहिली.

“कुठे गेला होतात, बाबा?”

“दूध आणायला.”

“मग दूध?”

“संपलं होतं.” ते म्हणाले. आयुष्यात ते इतकं वाईट खोटं कधी बोलले नव्हते. ऋतुजाने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. संशय कसा दिसतो हे विलासरावांना चांगलं माहीत होतं, आणि तो आता समोरच्या डोळ्यांत होता.

जेवताना त्यांनी डब्यातलं दही भातावर घेतलं आणि खाल्लं. फळीवरची नळी त्यांच्या डोक्यावरच होती. ऋतुजा घास हातात धरून थांबली होती, दर वेळचा प्रश्न येईल म्हणून. तो आला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा दही घेतलं.

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा स्वयंपाकघरात धूर झालेला. विलासराव खलबत्त्यापुढे मांडी घालून बसले होते. पाट्यावर लसूण, परातीत भाजलेले जवस, त्यातले बरेचसे करपलेले. जवसाची चटणी ही कुंदाची आवडती. त्यांनी ती आयुष्यात एकदाही केली नव्हती, फक्त तिच्यातलं मीठ किती टक्के असावं ते सांगितलं होतं. ते कुटत होते आणि घाम पुसत होते. ऋतुजाने मदतीला हात पुढे केला तर त्यांनी नको म्हटलं.

दुपारी ती निघाली. दर वेळी बॅगेत परत जाणारा डबा ओट्यावर होता. तिने उचलला आणि तो जड लागला म्हणून झाकण उघडलं. आत चटणी होती, काळपट, जाडसर कुटलेली.

कुंदाच्या माहेरी आणि मग या घरातही एक रीत होती, की कोणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. शेजारच्या वाट्या तिने कधी रिकाम्या पाठवल्या नव्हत्या. तिचा डबा मात्र या घरातून तीन वर्षं रिकामाच जात आला होता.

“हे कोणाला, बाबा?” ऋतुजाने हळूच विचारलं.

“तुझ्या आईला. तिकडे मिळत नसेल.”

ऋतुजाने एक कण जिभेवर ठेवला आणि तिचा चेहरा आक्रसला. “मीठ खूप झालंय.”

“झालं असेल. मोजलं नाही.”

ती झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली. आधी तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग फळीकडे. तेलाच्या डब्याच्या वर आता लोणच्याची बरणी होती. तराजू, नळी आणि थेंबाची बाटली कुठेच नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली. “काल तुम्ही कुठे गेला होतात?”

विलासरावांनी तिच्या हातातून झाकण घेतलं, डब्यावर बसवलं, दाबलं आणि डबा तिच्या बॅगेत आडवा होऊ नये असा कपड्यांत नीट रोवून ठेवला. मग त्यांनी तिची बॅग उचलून दारापर्यंत नेली.

“निघ आता,” ते म्हणाले. “उशीर होईल. साडेसहा तासांचा प्रवास आहे. लांब आहे ते.”